गाडी, रस्ता आणि उघड्यावरची रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री आभाळाखाली पथारी टाकायची, हे ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ज्यांनी एकदा केलंय त्यांचेही ठरलेलेच, फक्त वेगळे. दोन्ही इथे आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण त्या विषयावर मला थांबता येत नाही.

घरी चांगला पलंग असताना माणसं उघड्यावर का झोपतात?

घरी रात्र बटण दाबल्यावर होते, बाहेर ती येताना दिसते. आधी रंग जातात, मग कडा जातात, मग लांबचं आणि जवळचं एक होतं. आणि मग कुठेतरी एक चांदणी, जी आत्ता नव्हती. तास-सव्वा तास हे चालतं आणि तेवढ्या वेळात आपल्याला करण्यासारखं काही नसतं. दिवसभर स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला ते फार मानवतं.

माझ्यापुरती रात्र सुरू होते ती इंजिन बंद केल्यावर. चावी फिरवली की बॉनेटखालून टक्, टक् असा आवाज येत राहतो. तापलेलं लोखंड निवताना आकसतं, त्याचा तो आवाज. कानात अजून रस्त्याची घरघर असते. पाच-दहा मिनिटांनी टकटक विरळ होते, घरघर विरते आणि मग रातकिडे ऐकू येतात. ते आधीपासून ओरडतच असतात.

सगळ्यांना हे आवडतंच असं नाही. एखादी रात्र नीट काढूनही आवडलं नाही तर सोडून द्या.

रस्त्याने जाण्यात एवढं काय? विमानाने दोन तासांत पोहोचता येतं की.

पोहोचता येतं. पण मधला प्रदेश गळतो. रस्त्याने गेलं की बदल हप्त्याहप्त्याने हातात पडतो. मातीचा रंग बदलतो, झाडं बुटकी होत जातात, पाट्यांवरच्या गावांची नावं वेगळ्या वळणाची होतात. दुसरं म्हणजे गाडीत माणसं बोलतात. शेजारी शेजारी बसलेले, दोघांची नजर समोर, तोंडाकडे बघायची सक्ती नाही. घरात वर्षभर न निघालेला विषय तिसऱ्या तासाला आपोआप निघतो.

ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई, मोटारीचा शोध लावणाऱ्या कार्ल बेंझची बायको, त्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी घेऊन निघाली. बरोबर १५ आणि १३ वर्षांची दोन मुलं. जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी, साधारण १०० किलोमीटर. पेट्रोलपंप ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. वाटेत वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून चालणारं द्रावण विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा हॅटची पिन घालून मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. दिवसभराच्या खटाटोपानंतर पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. लांब पल्ल्याची पहिली मोटारसफर म्हणून हीच सांगितली जाते, आणि तिच्यात सफरीचं सगळं आलं: घरून न विचारता निघणं, वाटेत काहीतरी बिघडणं आणि हाताशी असेल त्याने ते दुरुस्त करणं.

दिवसाला किती अंतर कापावं?

मनात जो आकडा आहे त्याच्या दोनतृतीयांश.

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बिघडलेल्या बहुतेक रात्रींचं मूळ दिवसातल्या जास्तीच्या किलोमीटरमध्ये असतं. फोनवरचा नकाशा पाच तास म्हणतो तेव्हा त्यात जेवण नसतं, डिझेल नसतं, चुकलेलं वळण नसतं आणि ‘अरे, थांब थांब, ते बघ’ नसतं. पाचाचे सात-साडेसात धरा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी असायचं आणि तिथून उलटं मोजून सकाळी निघायची वेळ काढायची. उजेडी पोहोचलेल्या माणसाला जमिनीचा उतार दिसतो, मुंग्यांची रांग दिसते, डोक्यावरची वठलेली फांदी दिसते. अंधारात पोहोचलेल्याला यातलं काही दिसत नाही. तो हेडलाइटच्या उजेडात सपाट वाटेल तिथे आडवा होतो आणि पहाटे उतारावरून खाली सरकलेला सापडतो.

गाडी चालवताना पेंग आली तर?

थांबा. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर चापट्या मारणं, यातल्या कशानेही झोप जात नाही, फक्त आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. ताशी ९० च्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

बाजूला सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. कॅफीनचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॉफी दोन्ही एकदम कामाला येतात. तरीही जड वाटलं तर त्या दिवसाचा रस्ता तिथेच संपला. दुपारी दोन ते चार आणि रात्री दोन ते सहा या वेळा सगळ्यात वाईट. शरीराचं घड्याळच तेव्हा खाली खेचत असतं.

पहिल्या रात्री झोपच लागली नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?

नाही. नवख्या जागी पहिल्या रात्री मेंदू पूर्ण झोपत नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अशा रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. म्हणजे अर्धा मेंदू राखणीला बसलेला असतो. हे बंद खोलीतल्या पलंगावरही होतं, मग उघड्यावर का होणार नाही?

दुसऱ्या रात्रीपासून फरक पडतो. म्हणून एकाच रात्रीच्या अनुभवावर निकाल देऊ नये, निदान दोन रात्री सलग काढाव्यात. आठवडाभर काढता आल्या तर आणखी एक गंमत होते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, दिव्याशिवाय, फक्त ऊन आणि शेकोटीचा उजेड. झोपेचा संदेश देणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात सुमारे दोन तास लवकर तयार व्हायला लागलं, सूर्यास्ताच्या आसपास. रात्री जागणाऱ्यांमध्ये हा बदल जास्त दिसला. नऊ वाजताच डोळे मिटायला लागले तर तो दिवसभराच्या ड्रायव्हिंगचा शीण असेलच असं नाही.

तंबू हवाच का?

नाही. कोरडं हवामान आणि मच्छर कमी असतील तर जमिनीवर एक ताडपत्री, वर मॅट, वर वळकटी, बस. तंबूत शिरलं की आपण एका छोट्या खोलीत असतो आणि आकाश बघायला बाहेर यावं लागतं, मग कुणी येत नाही. मी तंबू नेतो, पण पाऊस, वारा किंवा डास यांपैकी एक असल्याशिवाय पिशवीतून काढत नाही. हॅमॉकवाल्यांचा, म्हणजे झाडांना झोळी बांधून झोपणाऱ्यांचा, वेगळाच पंथ आहे. त्यांना दोन चांगली झाडं लागतात आणि ती कधीच योग्य अंतरावर नसतात.

जाड पांघरूण असूनही रात्री थंडी का वाजते?

कारण ती खालून येते. आपण वरून पांघरतो, पण उष्णता जमीन खेचून घेते. स्लीपिंग बॅगमधला कापूस किंवा पिसं उबदार असतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि अंगाखालची बाजू वजनाने दाबली गेल्यावर ती हवाच उरत नाही. तिथे काम करते ती मॅट. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो. जितका मोठा तितकी जमिनीपासून आडकाठी जास्त. उन्हाळ्यात एक-दोन पुरतो, थंडीत चारच्या पुढे हवा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. दोन साध्या मॅट नेणं हा एका भारी मॅटला चांगला पर्याय आहे.

बॅगवरचे आकडेही नीट वाचावेत. ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तीन असतात. आपला आकडा पहिला. तिसरा म्हणजे त्या तापमानात माणूस जेमतेम जगेल एवढंच सांगतो, आणि पाकिटावर नेमका तोच ठळक छापलेला मी पाहिला आहे.

बाकी उपाय घरगुती आहेत. कोरडे मोजे झोपण्यापुरते वेगळे ठेवा, पण एकावर एक तीन घालू नका, पाय आवळले की रक्त खेळत नाही आणि बोटं उलट गार पडतात. डोक्याला टोपी. पक्क्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी. अंग गरम असताना आत शिरा. बॅग उष्णता राखते, निर्माण करत नाही. आणि लघवीला जायचं असेल तर उठून जा. ‘आता कुठे उठायचं’ म्हणून तासभर कुडकुडत पडण्यात शहाणपण नाही, शिवाय त्या निमित्ताने पहाटे तीनचं आकाश दिसतं.

सकाळी सगळं ओलं होतं. पाऊस तर पडला नव्हता.

दव. निरभ्र रात्री जमीन, गाडीचं छत, तुमची बॅग, सगळं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत असतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्या गार पृष्ठभागावर हवेतलं बाष्प जमतं. ढग असले की ते उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून ढगाळ रात्री ऊबदार आणि कोरड्या. गंमत अशी की ज्या रात्री चांदण्या सगळ्यात चांगल्या दिसतात, नेमक्या त्याच रात्री अंथरूण सगळ्यात जास्त भिजतं.

यावर तोडगा म्हणजे झाडाच्या कडेला झोपणं, अर्धं आकाश पानांनी झाकलेलं. पानांखालच्या भागात दव कमी पडतं. किंवा पायाकडच्या बाजूला पातळ ताडपत्री तिरकी बांधणं. पाण्याकाठी, गवतात आणि खोलगट जागी दव जास्त. वारा वाहता असेल तर ते फारसं पडत नाही.

जागा कशी निवडावी?

आधी पाठ टेकून बघा. अंथरूण टाकायच्या आधी, नुसत्या जमिनीवर. उभं राहून सपाट दिसणारी जमीन आडवं झाल्यावर कधीच सपाट नसते. डोकं उंच बाजूला येईल असं ठरवा. कमरेखाली आणि खांद्याखाली येणारे खडे हाताने चाचपून काढा. एक खडा राहतोच.

थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खळग्यात साठते. दरीचा तळ म्हणून रात्री सगळ्यात गार, आणि माथ्यावर वारा. तळापासून दहा-पंधरा मीटर वर, उतारावरचा एखादा सपाट टप्पा, हे सोयीचं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही झोपू नका. मऊ वाळू, सपाट जागा, आडोसा, सगळं मोहात पाडणारं असतं. पण पाऊस दहा-वीस किलोमीटर वर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे आभाळ निरभ्र असताना येतो. वठलेल्या झाडाखाली किंवा मोडून अडकलेल्या फांदीखाली झोपू नका, वारा नसला तरी.

गाडी आधीच रस्त्याच्या दिशेला तोंड करून लावा. रात्री निघायची वेळ क्वचित येते, पण आली तर अंधारात गाडी वळवत बसायचं नाही.

परवानगी लागते का?

देशागणिक वेगळं. स्वीडनमध्ये सर्वांना निसर्गात हिंडायचा हक्क मानलेला आहे आणि घरांपासून लांब एखाद-दुसरी रात्र तंबू टाकता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर अशी मुभा आहे. बऱ्याच देशांत मात्र ठरवून दिलेल्या जागेखेरीज मनाई असते. जमीन कुणाच्या तरी मालकीची असते एवढं गृहीत धरा आणि जवळच्या घरी विचारा. उजेडी पोहोचण्याचा हाही फायदा: संध्याकाळी पाच वाजता दार वाजवणारा पाहुणा असतो, रात्री दहा वाजता वाजवणारा संशयित.

साप, विंचू, जनावरं?

भीती खरी आहे पण ती चुकीच्या जागी असते. झोपलेल्या माणसाकडे साप मुद्दाम येत नाही. अंधारात अनवाणी चालणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडतो. टॉर्चशिवाय एक पाऊल टाकू नका. दगडांच्या राशी, लाकडांचे ढीग, वारुळं यांच्यापासून लांब झोपा. सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकतात. छोटी अतिनील टॉर्च मिळते, तिने अंथरुणाभोवती एक फेरी मारली की निश्चिंती. कधी कधी ती फेरी न मारलेलीच बरी असं वाटतं, इतके निघतात.

खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा, वासाचं सगळं गाडीत बंद. अंथरुणाशेजारी काहीच ठेवू नये हे मी एका बुटावर शिकलो. रात्री दोन्ही बूट उशाशी होते, सकाळी एक होता. वाळूत पंजांचे ठसे आणि त्यांच्या बाजूने बुटाची नाडी ओढत नेल्याची एक बारीक रेघ. पन्नास पावलांवर खडक लागला आणि रेघ संपली. पुढचे दोन दिवस मी सपातांवर गाडी चालवली, जे अजिबात करू नये. सपाता ब्रेकखाली अडकतात.

गाडीतच झोपलं तर?

चालतं, वादळी रात्री तर तेच बरं. दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर श्वासातली वाफ काचांवर जमून सकाळी थेंब टपकतात. सीट पूर्ण आडव्या होत नसतील तर मधली फट कपड्यांनी भरून काढा.

इंजिन चालू ठेवून झोपू नका. हीटरसाठी नाही, एसीसाठी नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपेत काही कळत नाही. तंबूत किंवा गाडीत शेगडी, निखारे, गॅसचा दिवा घेण्यालाही हेच लागू. निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो वायू सोडत असतात.

आकाशातलं काही ओळखता येत नाही. काय बघायचं?

आधी अर्धा तास काहीच नका बघू, म्हणजे कुठलाही दिवा. डोळ्यांतल्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना त्यांचं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य पुन्हा तयार करायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गेला की आकाश हळूहळू खोल होत जातं. आधी शंभर तारे, मग मोजता येणार नाहीत इतके. आणि मग कुणीतरी ‘किती वाजले’ म्हणून फोन काढतो आणि सगळ्यांची अर्ध्या तासाची कमाई बुडते. दिवा लागलाच तर लाल आणि मंद. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही.

नुसत्या डोळ्यांना दिसू शकतील असे तारे अख्ख्या खगोलात सुमारे नऊ हजार. त्यातले निम्मे कुठल्याही क्षणी क्षितिजाखाली, आणि क्षितिजालगतचे धुरकट हवेत हरवतात, म्हणून उत्तम काळोखात एका वेळी दोन-तीन हजार दिसतात. लाखो तारे पाहिले असं सांगणाऱ्याला अडवू नका, बिचाऱ्याला तसंच वाटलेलं असतं. मोठ्या शहरातून हेच शेकड्याच्या आत येतात. काळोख मोजायला अमेरिकी हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. शहराचा मध्य आठ-नऊवर. पहिल्या पायरीवरच्या आकाशात वृश्चिक आणि धनु राशींकडचा आकाशगंगेचा पट्टा इतका तेजस्वी असतो की त्याची पुसट सावली जमिनीवर पडते.

ओळखायची सुरुवात तीनच गोष्टींनी करा. (उत्तर गोलार्धात आहात असं धरतो.) सप्तर्षी पहिले. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ; त्याला लगटून असलेली बारीक अरुंधती दिसते का बघा, म्हणजे नजरेची परीक्षाही झाली. दुसरी शर्मिष्ठा, वेड्यावाकड्या इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखी, ध्रुवाच्या पलीकडच्या अंगाला. सप्तर्षी वर असतात तेव्हा ती खाली आणि ती वर असते तेव्हा सप्तर्षी खाली. तिसरी गोष्ट हिवाळ्याच्या सुरुवातीला, शर्मिष्ठेजवळची देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह. कापसाचा पुसट बोळा. तिच्याकडे थेट बघितलं तर ती नाहीशी होते, कारण डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशीच नसतात. नजर जरा बाजूला ठेवा, ती हजर होते. तो उजेड तिथून २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि आपण तो चोरट्या नजरेने बघायचा.

यापलीकडे नावं पाठ करायची घाई नको. पडल्या पडल्या एक तारा आणि एक फांदी पकडा. आकाश तासाला १५ अंश सरकतं. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंशांची, म्हणजे तासाला दीड मूठ. कूस बदलताना जाग आली की तोच तारा फांदीच्या पलीकडे गेलेला असतो. घड्याळ बघावं लागत नाही.

अमावस्येला जायचं की पौर्णिमेला?

तारे हवे असतील तर अमावस्येच्या आसपास. शुक्ल पक्षातले पहिले चार-पाच दिवस मला सगळ्यात आवडतात: जेवण होईपर्यंत कोरीचा उजेड मिळतो, मग ती मावळते आणि रात्र ताऱ्यांची. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यावरून हिशोब करता येतो. पौर्णिमेला आकाश धुऊन जातं, पण टॉर्चशिवाय चालता येतं, आणि टिपूर चांदण्यात स्वतःची सावली बघत फिरण्याची मजा वेगळी. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, विशेषतः अंधाराची धास्ती असेल तर, मी पौर्णिमाच सुचवतो.

उल्का कधी दिसतील?

कुठल्याही काळ्याभोर रात्री तासाला दोन-चार दिसतातच, मध्यरात्रीनंतर जास्त. तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला आलेलो असतो, धावत्या गाडीच्या पुढच्या काचेवर चिलटं जास्त आपटतात तसं. मोठे वर्षाव दोन: ययाती तारकासमूहातून येणाऱ्या उल्कांचा, १२-१३ ऑगस्टच्या आसपास, आणि मिथुनेतल्यांचा, १३-१४ डिसेंबरच्या आसपास. वाळूच्या कणापासून खड्याएवढे हे तुकडे शंभरेक किलोमीटर उंचीवर पेटतात.

आणि ती न लुकलुकता सरकत जाणारी चांदणी?

कृत्रिम उपग्रह. सूर्यास्तानंतर आणि पहाटे दिसतात, कारण आपण अंधारात असलो तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं. मध्येच विझल्यासारखी झाली तर ती पृथ्वीच्या सावलीत शिरली.

एकट्याने जावं का?

पहिली सफर नको. नंतर जरूर. कुठे थांबणार आणि सकाळी किती वाजेपर्यंत फोन करणार हे एका माणसाला सांगून ठेवा, आणि तो फोन चुकवू नका. एखाद्या जागी उतरल्यावर विनाकारण अस्वस्थ वाटलं तर कारण शोधत बसू नका, निघा. बायकांना हा सल्ला सतत दिला जातो. पुरुषांनाही तो तितकाच लागू आहे, ते फक्त ऐकत नाहीत. आणि हो, दुसरी जागा शोधायला उजेड शिल्लक असावा लागतो.

वीज कडाडायला लागली तर?

गाडीत बसा, काचा वर. पत्र्याची गाडी वीज बाहेरच्या बाजूने जमिनीत उतरवते. तंबू काहीही वाचवत नाही, एकटं झाड तर घात करतं. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे वीज एक किलोमीटरवर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की आत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

शौचाचं काय?

पाण्यापासून आणि वाटेपासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, काम झाल्यावर माती लोटून बुजवा. कागद वापरलात तर पिशवीत घालून परत न्या. नेतो असं सगळे म्हणतात.

लहान मुलांना न्यावं?

न्या. ती आपल्या आधी झोपतात. फक्त प्रत्येकाला स्वतःची टॉर्च द्या, आणि रात्रभर डोळ्यांत उजेड सहन करायची तयारी ठेवा.

सामान काय न्यावं?

मॅट, बॅग, ताडपत्री, हेडटॉर्च, माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी, कागदावरचा नकाशा, हवा भरलेली स्टेपनी. स्टेपनीतली हवा घरी तपासा. तिच्याकडे वर्षभर कुणी बघितलेलं नसतं.

सकाळी कधी निघावं?

उठायची घाई करू नका. रात्रीचा सगळ्यात थंड क्षण मध्यरात्री येत नाही, तो सूर्य उगवल्यावर थोड्या वेळाने येतो. कोवळं ऊन देतं त्याहून जमीन अजून जास्त गमावत असते. तांबडं फुटल्याबरोबर उत्साहाने बाहेर पडणारे म्हणून कुडकुडतात. ऊन अंगावर येईपर्यंत पडून राहा. मग बॅग उलटी करून बॉनेटवर पसरा, ताडपत्री दारावर टाका. ओली गुंडाळलीत तर संध्याकाळी कुबट वास येईल. वाळायला तासभर लागतो. तेवढ्यात नकाशा उघडा, आजचं अंतर बघा आणि त्यातलं एक गाव कमी करा.